तिची चिठ्ठी, माझा केसपेपर

पाटलांच्या सुनेचा मी जन्मभर हेवा केला. तिच्या पाटल्यांचा नाही, तिच्या चिठ्ठीचा.

बाळ पोटातच गेलं आणि माझी झोप उडाली. चार महिने डोळ्याला डोळा नाही, भाकरी थापता थापता रडू फुटायचं. सासऱ्यांनी परभणीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि केसपेपरवर आजार लिहिला. आमच्या झरी गावात एक पद्धत होती. सकाळच्या यष्टीनं दवाखान्यात जाणाऱ्या सगळ्यांचे केसपेपर एकच माणूस गोळा करायचा आणि खिडकीवर नंबर लावायचा, म्हणजे बाकीच्यांना रांगेत ताटकळावं लागत नसे. दुसऱ्या खेपेला मीही माझा दिला. मूर्खच मी. तो शिकलेला, त्यानं वाचला. चार दिवसांत गावभर झालं.

पुढं नामांतराच्या गडबडीत यष्ट्या बंद पडल्या, माझी तारीख हुकली. गोळ्या संपल्या म्हणून सासरे मला थेट डॉक्टरांच्या बंगल्यावर घेऊन गेले. ते फाटकाशी थांबले, मी आत गेले. व्हरांड्यात पाटलांची सून खुर्चीवर बसून चहा पीत होती. डॉक्टरांनी तिच्या हातात गोळ्यांचं पाकीट ठेवलं. तेच, माझंच. सोबत एक चिठ्ठी, तिच्यावर ना नाव ना आजार. माझा नुसता जळफळाट झाला. आजार एक, गोळी एक. तिचं झाकलेलं आणि माझं चव्हाट्यावर.

मला बघून ती म्हणाली, "बाई, गावात बोलू नका हं."

बाई म्हणे. एरवी अगंतुगं करायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बालवाडीला शिकवणारी हवी होती. दहावी झालेल्या गावात आम्ही दोघीच. तिला वेळ घालवायला हवं होतं. मला लेकरं हवी होती, दुसऱ्यांची का होईना.

पंचायतीत सरपंच म्हणाले, "पोरी, तू हुशार हायस. पण तुझ्या डोक्याचा दवा चालू हाय. लेकरं कशी सोपवावी?"

ती शेजारीच, पदर सावरून बसलेली. मला राहवलं नाही.

"हिलाबी त्याच गोळ्या चालू हायत," मी म्हणाले. "मी डोळ्यानं बघितलंय."

कुणी चिडलंसुद्धा नाही. सरपंच सासऱ्यांकडे वळून हळूच म्हणाले, "घरी न्या हिला. लय वाढलंय."

पाण्याचा तांब्या तिनंच पुढं केला.