मामांचं भिंग

माझ्या बायकोच्या मामांइतका बिनकामाच्या विषयातला जबर तज्ज्ञ उभ्या रायगड जिल्ह्याने पाहिला नसेल. जुन्या फोटोत एखादी मोटारसायकल दिसली, अगदी कोपऱ्यात तिचं अर्धं चाक दिसलं, तरी मामा डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून तिची कंपनी, मॉडेल आणि साल सांगत. एवढी अक्कल असलेल्या माणसाला स्वतःला मोटारसायकल चालवता येत नव्हती. पनवेल स्टँडवरून वडाळे तळ्याजवळच्या घरी ते टमटममधून, तेही मधल्या सीटवर बसून येत. माझ्या स्कूटरवर मागे बसायची वेळ आली, तर डोळे घट्ट मिटून घेत आणि उतरल्यावर म्हणत, “शिलाई मशीन आहे ही. हिला मडगार्ड कशाला लावलंय?”

फोटोतल्या माणसांशी मामांना काही देणंघेणं नसे. लग्नाचा अल्बम हातात दिला की नवरानवरीची पानं भराभर उलटून ते मांडवाबाहेरच्या फोटोंवर जाऊन थांबत. सुकापूरला आमच्या एका नातेवाइकांच्या तेराव्याला तर कहर झाला. हार घातलेला फोटो मामांनी सरळ खिळ्यावरून काढला, खिडकीपाशी नेला आणि सगळी मंडळी स्तब्ध बसलेली असताना हळहळले, “हे गृहस्थ जरा डावीकडे सरकले असते तर मागच्या मोटारसायकलचा मॅग्नेटो दिसला असता हो!” त्या घरी मला अजून कोणी चहा विचारत नाही. शिवाय तोंड फटकळ. कोणी हौसेने आजोबांचा फोटो घेऊन आला आणि “ही चार गिअरची” म्हणाला, की मामा भिंगसुद्धा न लावता म्हणत, “तीन. आजोबांनी तुम्हाला एक जास्तीचा सांगितला.” माणूस पडलेल्या चेहऱ्याने निघून जाई आणि मामांना भूक लागे.

तरी मुंबईच्या बड्या लोकांत त्यांचा शब्द चाले, हे कबूल करायला हवं. जुन्या गाड्या जमवणारे एक धनाढ्य गृहस्थ दर महिन्याला पाकिटात फोटो घालून पाठवत आणि मामांचं उत्तर गेल्याशिवाय गाडी घेत नसत. वीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, हे मामा ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगत. अभिमान बाळगावा असं दुसरं त्यांच्यापाशी काही नव्हतं, असं मी बायकोला अनेकदा ऐकवलंही आहे.

नव्वद-एक्याण्णव साल असेल. शिरढोणकडच्या एका खेड्यातली म्हातारी बाई पदराखाली फोटो धरून मामांचं घर विचारत आली. फोटोत तिचा नवरा, ऐन तरुणपणातला, मोटारसायकलवर बसला होता.

“आमच्या मालकांची गारी हाय ही,” ती म्हणाली. “मी बालंतपनात मराया टेकले व्हते, तवा त्यांनी इकली न माजा औषदपानी केला. आता पोरां म्हनतान, बाबा थापा मारायचा, त्याच्याकरं सायकल पन नव्हती. तुमी सांगा, खरी हाय का नाय?”

मामांनी भिंग लावलं. फार वेळ लावला. मी मनात म्हटलं, आता ही बाई रडत जाणार.

“खरी आहे,” मामा म्हणाले. “विलायती. त्या काळी पंचक्रोशीत अशी दुसरी नसेल.”

“मंग लिवून द्या. माजी पोरां आयकायची नाय.”

मामांनी फोटोमागे कंपनी लिहिली, साल लिहिलं, पुढे “मालकीची, चालू स्थितीत” असं लिहून सही ठोकली. ती गेल्यावर मला म्हणाले, “फोटोस्टुडिओतली आहे. हौशी लोकांना वर बसवून फोटो काढायचे. नुसता सांगाडा. कार्ब्युरेटरच्या जागी भोक आहे, मागे पडद्याची घडी दिसते. ह्याच गाडीवर बसलेले तिघे वेगवेगळे मालक मी पाहिलेत.”

“मग तिला सांगितलं का नाहीत?”

“तिला काय गाडीचं मॉडेल हवं होतं?” मामा माझ्यावरच खेकसले.

दोनेक वर्षांनी ते मुंबईचे गृहस्थ जुन्या गाड्या धुंडाळत नेमके त्या बाईच्या घरी गेले. तिने भिंतीवरचा फोटो उतरवून कौतुकाने मामांची सही दाखवली. तिथून ते तडक पनवेलला आले, बरोबर दोन मित्र.

“मामा, इंजिनात भोक असलेली गाडी चालू स्थितीत?” ते हसत म्हणाले. “पुढच्या आठवड्यात त्याच गावात एका जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी घ्यायला जायचंय. त्या पोरांना काय सांगू?”

मी तोंड उघडणार, तोच मामांनी माझा गुडघा दाबला.

“पोरांना काही सांगू नका, माझी अब्रू जाईल,” ते म्हणाले. “चूक झाली. नजर गेली हो माझी.”

पाहुण्यांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. गावात ते काही बोलले नाहीत, मुंबईत मात्र सगळ्यांना सांगितलं. पाकिटं बंद झाली. मामा त्यानंतर सहा वर्षं जगले आणि वीस वर्षांचं ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. इतकी वर्षं ज्यांची मी टिंगल केली, त्यांच्यासाठी भांडावं असं मला फार वाटायचं, पण मामांनी शपथ घातली होती.

शिरढोणकडची ती बाई गेल्याचं परवा कळलं. म्हणून आता सांगतो: मामा चुकले नव्हते.