न गिळलेला घोट

सुखदेव गेल्याची बातमी मला पार्सल ऑफिसात मिळाली. सकाळची नागपूरची पॅसेंजर लागली, तिच्यातून त्याच्या बहिणीचा नवरा उतरला, सरळ माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सुखदेवभाऊ गेले, वसंतराव. पहाटेच गेले." माझ्या हातात संत्र्याच्या पेटीची चिठ्ठी होती, मागे खळ लावलेली. मी ती आधी पेटीवर चिकटवली, अंगठ्याने दाबली आणि मग उठलो. त्या चिठ्ठीची लाज मला अजून वाटते. आज सव्वा महिना झाला. पांढुर्ण्यात ज्याला विचाराल तो मान हलवून सांगतो, दारूच्या गोदामात होता, दारूनंच नेला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी लेखक नाही, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्यांवर पत्ते लिहिणारा माणूस आहे. पण हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही शाळेत एका बाकावर होतो. त्याचे वडील मोहाची पिऊन पिऊन गेले तेव्हा आम्ही नववीत. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो. विहारात पंचशील म्हणताना दारूचं पाचवं शील आलं की मावशीचा आवाज एकदम चढायचा, बाकीच्या बाया वळून बघायच्या. सुखदेवला तिने एकच सांगून ठेवलं होतं, "दारूचा एक थेंब तुह्या पोटात गेला, त मले आई म्हनू नको." आणि नशीब बघा, मॅट्रिक होऊन दोन वर्षं जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाल्ल्यावर त्याला नोकरी लागली ती स्टेशनाजवळच्या ठोक दारूच्या गोदामात, मालाची आवक-जावक लिहायला. मावशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "लिहाचंच काम हाय न? मंग लिही." त्या पगारावर त्याने बहिणीचं लग्न केलं, स्वतःचं मात्र राहूनच गेलं.

एक्क्याऐंशी साल असेल. खाणीवरच्या साहेबांच्या क्लबात स्टाऊट जायची, म्हणजे काळी बियर. आपल्याकडे ती कोण पिणार? महिन्याला चार पेट्या खपायच्या आणि कारखाना पाठवायचा एकदम मालगाडीची वाघीणभर. उरलेला माल गोदामात टिनाच्या पत्र्याखाली पडून राहायचा, आणि पांढुर्ण्याचा मे महिना काय असतो ते मी तुम्हाला काय सांगू! एकदा क्लबातून अख्खा माल परत आला, म्हणे चव बिघडली. सुखदेव फुटक्या बाटल्या बाजूला काढत होता. नुसत्या वासावरून तो म्हणाला, "शेठ, हे पेटी दिवाळीची हाय, अन् हे होळीची." शेठ आधी हसला, मग त्याने पेट्यांवरचे शिक्के पाहिले आणि हसायचा थांबला. तेव्हापासून क्लबाला माल जायचा असला की प्रत्येक लॉटमधली एक बाटली सुखदेवने फोडायची आणि निवाडा द्यायचा.

गिळायचा नाही. एकदाही नाही. मी कित्येकदा शेजारी उभा राहून पाहिलं आहे. घोट घ्यायचा, डोळे मिटायचा, या गालातून त्या गालात फिरवायचा आणि भुशाच्या घमेल्यात थुंकायचा. मग मिठाच्या पाण्याने तीन चुळा, साध्या पाण्याची चौथी. त्यानंतर अर्धा तास लाळसुद्धा गिळायची नाही, थुंकतच बसायचं. "अबे, खुरकूत झालेल्या बैलासारखी लाळ काहाले गाळून राहिला?" मी चिडवायचो. तो शांतपणे म्हणायचा, "शब्द देल्ला हाय आईले."

आणि काय जीभ होती त्याची! ताजी बाटली, तो सांगायचा, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी लागते, कडू पण खरपूस. चार-सहा महिन्यांनी कडूपणा बसतो, काकवी येते, खारीक येते. तेव्हा ती सगळ्यात चांगली. वर्ष उलटलं, त्यातून उन्हाळा लागला, की ओला पुठ्ठा चघळल्यासारखी. कधी कधी कारखान्याला तपकिरी बाटल्या कमी पडायच्या, मग तो हिरव्या पाठवायचा. हिरवी बाटली दारापाशी उन्हात चार दिवस राहिली की सुखदेव बूच उघडताच नाक मुरडायचा, "ढेकूण चिरडल्यावानी वास येऊन राहिला." बुचाखालची चकती सैल असली तर बोअरिंगच्या पाण्याची, लोखंडाची चव. एकदा शेठच्या आखातातल्या भाच्याने टिनाच्या डब्यातली स्टाऊट आणली. किती जुनी, त्यालाच माहीत नव्हतं. सुखदेवने ती तोंडात इतका वेळ धरली की मला वाटलं, गेली आता पोटात. मग थुंकून म्हणाला, "याच्यात उजेड शिरलाच नाही, वसंता. हवा बी नाही. म्हातारी झाली, पन नासली नाही." इतका खूश मी त्याला कधी पाहिला नाही.

आता पुढचं. हे लिहायला मी तीन रविवार घालवले...

पहिल्यांदा चव घेतली त्या संध्याकाळी तो माझ्या ऑफिसात आला तो घाबराघुबरा. तोंडाचा वास जाईना. घर सावरगावात, जाम नदीचा पूल ओलांडला की दहा मिनिटांवर, आणि दारात मावशी. पोटात थेंब नाही हे तिला कसं पटवणार? माझ्या खिशात खर्रा होता. आमच्याकडे कुणाच्या खिशात नसतो! सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला. मी पन्नी पुढे केली, "हे टाक तोंडात. सगळा वास मरते. खर्र्याले कोनी काही म्हनत नाही." त्याने आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. उचक्या लागल्या, घाम फुटला, बाकड्यावर आडवा झाला. मी हसलो. चांगला पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी तो स्वतः मागायला आला, आणि महिनाभरात पानठेल्यावर त्याची पन्नी वेगळी घोटली जाऊ लागली. जिभेच्या डाव्या कडेला धरायचा. आधी पुलापर्यंत, मग घरापर्यंत, मग सकाळपासून. चव घ्यायच्या दिवशी मात्र काम होईस्तोवर खायचा नाही, एवढा इमानी.

चार-पाच वर्षांनी क्लबातून पुन्हा माल परत आला. सुखदेवने चांगला म्हणून पाठवलेला लॉट उघड उघड नासका होता. संध्याकाळी सुखदेव माझ्याकडे येऊन बसला. "डावीकडून मले चव येऊनच नाही राहिली, वसंता." मी म्हणालो, दाखव. जिभेच्या कडेला पांढरट चट्टा होता, मध्ये चिरलेला. तिखट सोसत नव्हतं म्हणून मावशीने भाजीत मिरची घालणं कधीच बंद केलं होतं, हे त्याने तेव्हा सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरने बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, तंबाखू किती वर्षं? मी त्याच्या शेजारी उभा होतो, माझ्याही गालात खर्रा होता.

अर्धी जीभ काढली. तरी रोग मानेत उतरला. बोलणं गेलं, नळीतून पेज. मी दर रविवारी नागपूरला दवाखान्यात जायचो, मावशीला गाडीचा प्रवास झेपत नव्हता. एका रविवारी त्याने खुणेने माझ्याकडे कागद मागितला आणि लिहिलं, "आईले वाटन दारूनं झालं. तू सांगजो, मी पेलो नाही." मावशीला अक्षर येत नाही, नाहीतर हे त्याने तिलाच लिहून दिलं असतं. मी मान हलवली, सांगतो म्हटलं. आणि नाही सांगितलं. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. ती विचारणार होती, मग कशानं झालं? दर रविवारी तो भुवया वर करून माझ्याकडे बघायचा आणि मी म्हणायचो, अजून भेट नाही झाली. माझ्या घरापासून सावरगाव अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. तो तसाच गेला, उत्तराची वाट बघत.

परवा शेवटी सांगायला गेलो. मावशी ओट्यावर त्याचे सदरे उसवत होती, गोधडीसाठी. मी सगळं एका दमात सांगून टाकलं: काळी बियर, घमेलं, चुळा, लाळ. मावशी, तो एक थेंबही प्याला नाही.

तिने सुई बाजूला ठेवली. "हे मले काय सांगतं, वसंता? वास त मले पयल्याच दिशी आला होता, सदऱ्याले. मी त्याच्या बापासंग बावीस वर्षं काढले. पेलेला मानूस मले चपलेच्या आवाजावरून समजते. माहं लेकरू पेत नव्हतं." मग पुढचा सदरा ओढून घेत, "कामाची जागा होय, वास येनारच. म्हनून मी कधी बोललीच नाही त्याले."

इतकी वर्षं तो ज्या वासाला लपवत होता तो तिला ठाऊक होता, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. मावशीने एका सदऱ्याचा खिसा उलटा केला. आतून कडक झालेली पन्नी निघाली. ती तिने बोटांनी सरळ केली आणि मांडीवर ठेवली.

"मले एकच समजत नाही. त्याच्या बापानं सारे येसनं केले, पन तंबाखूले हात नाही लावला. मंग या लेकराले हे कोनं लावली?"

मी म्हणालो, "असंल गोदामातला कोनी, मावशी." तिने चहा केला, तो मी प्यालो आणि घरी आलो.

मावशीला वाचता येत नाही. सावरगावात ज्याच्या घरी वर्तमानपत्राची ही पुरवणी जात असेल त्याने हे तिला वाचून दाखवावं, एवढी माझी विनंती आहे. मावशी, मी लावली. वसंतानं लावली.