वायर मी बसवली होती

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, गाडीत बसायच्या आधी बॉनेट उघडायचे. डिझेल किती आहे, चाकात हवा आहे का, ते नंतर. आधी रेसची, म्हणजे अॅक्सिलरेटरची वायर. दोन बोटांनी ती ओढून सोडायची, कान जवळ न्यायचा आणि मान डोलवायची. "वायर बोलते गो सूनबाई, ऐकणारा पायजे," असं म्हणून ते बॉनेट धाडकन आपटायचे. त्या आवाजावरून आमच्या अख्ख्या अष्टमी गावाला कळायचं, की अण्णांची स्वारी आज पुलावरून रोह्यात निघाली.

गाडी जुनी होती. तिच्या गिअरला खाली दोन वायरी होत्या, एक गिअर आडवा सरकवणारी आणि दुसरी पुढे-मागे नेणारी. वापरून वापरून त्या सैल व्हायच्या आणि मग अण्णा रविवार गाठून त्या कसत बसायचे. हत्यारं कोणती, तर पाना, पकड, काळी टेप आणि सुतळी. हो, सुतळी! मेकॅनिकचं नाव काढलं की चिडायचे. "त्याला काय कळतंय? कंपनीत बॉयलर सांभाळला मी, ही तर गाडी हाय." खरं सांगते, अण्णांना त्यातलं अर्धंच कळायचं, आणि अर्धं कळणाऱ्याचा उत्साह फार दांडगा असतो. त्यांनी कसलेली गाडी कधी उभ्या जागी घोंगावत राहायची, तर कधी तिसरा गिअर हरवलेल्या चमच्यासारखा शोधावा लागायचा.

पण मला गाडी शिकवली ती ह्याच माणसानं. मी लग्न होऊन आले, कोलाडच्या शाळेत नोकरी लागली, आणि अण्णांनी जाहीर करून टाकलं की सून गाडीनं जाईल. कुंडलिकेच्या काठच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी शिकवणी. आमचे चुलत सासरे बाबूकाका समोरच्याच घरात राहतात. ते ओट्यावरून म्हणाले, "सुनेला कशाला रे गाडी?" अण्णा म्हणाले, "तुला पोहता येत नाय, म्हणून नदीनं वाहू नये का?" पुढे काही वर्षं बाजारात ओळखीचं कोणी भेटलं की भाजी राहायची बाजूला आणि यांचं सुरू, "माझी सून हायवेवरनं गाडी नेते, हायवेवरनं!" मी पिशवी घेऊन मागे उभी, लाजेनं अर्धी. ती लाज गोड होती. पुढे जी वाट्याला आली ती तशी नव्हती, म्हणून आधी हे सांगितलं.

आमचा गणपती दर वर्षी पेणहून यायचा, मंदाताईच्या कारखान्यातून. आधी एकदा जाऊन मूर्ती पसंत करून यायची, अशी घरातली रीत. त्या वर्षी अण्णा, बाबूकाका आणि मी, तिघं गेलो. गाडी अर्थातच मी चालवत होते. पाऊस उघडला होता, छान ऊन पडलं होतं, म्हणून मंदाताईनं अंगणात फळ्या मांडून मूर्ती उन्हाला ठेवल्या होत्या. अंगाचे रंग झालेले, फक्त डोळ्यांची आखणी बाकी. मी गाडी अंगणाच्या तोंडाशी, रस्त्याकडे तोंड करून लावली आणि आम्ही आत गेलो. अण्णा मात्र बाहेरच राहिले. "गिअर जड पडतोय, जरा कसून घेतो," म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, इथं नको. घरी बघू." त्यांनी हात झटकला आणि बॉनेट उघडलं.

मूर्ती ठरवून आम्ही बाहेर आलो तेव्हा अण्णांचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते आणि चेहरा खुललेला होता. "बस आता. लोण्यासारखा पडतोय बघ." मी बसले. इंजिन ताणून ओरडत होतं, म्हणजे अण्णांनी रेसची वायरही कसली होती. मी पहिला गिअर टाकला. तो खरंच लोण्यासारखा पडला. क्लच सोडला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी उसळी मारून मागे गेली.

फळ्या मोडल्याचा आवाज आला, मग शाडूचा. तो आवाज फार मोठा नव्हता. ओलसर, भद्द असा.

मी ब्रेक दाबून बसले होते. हात गिअरच्या दांड्यावरच होता, आणि दांडा पहिल्यावर होता. पहिल्याच्या शेजारीच रिव्हर्स. आडवी नेणारी वायर जास्त ओढली गेली की पहिल्याच्या जागी रिव्हर्स पडणार, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते अण्णांनीच शिकवलं होतं. मी उतरले. चार-पाच मूर्ती गेल्या होत्या. एका सोंडेचा तुकडा चाकाशी पडला होता. रस्त्यावरची माणसं गोळा झाली. "बाई हाय ना स्टेअरिंगवर, मग काय!" कोणीतरी बोललं आणि हसू फुटलं. बाबूकाका कपाळावर हात मारून म्हणाले, "तरी मी पयल्यापासून सांगत होतो."

मी अण्णांकडे बघितलं. आता बोलतील, असं मला वाटलं. भांडकुदळ माणूस, बाजारात दोन टोमॅटो नासके निघाले तर तासभर वाद घालणारा. त्यांनी स्वतःच्या काळ्या हातांकडे बघितलं, हात पाठीमागे नेले आणि म्हणाले, "शिकतेय अजून ती."

शिकतेय! इतकी वर्षं हायवेवरून गाडी नेणारी मी, आणि शिकतेय! आणि खरं सांगू, रागाच्या आधी मला लाज वाटली. माझी नाही, त्यांची. वडीलधारं माणूस आपल्या डोळ्यांदेखत एवढंसं झालं की बघणाऱ्यालाच तोंड कुठं लपवावं ते कळत नाही.

मंदाताई मात्र मोठ्या मनाची बाई. अण्णा भरपाईचं बोलायला लागले तर म्हणाली, "ते बघू नंतर. माती हाय, भिजवून परत मळू. नि मनाला लावून घेऊ नका काका, डोळे आखायचे बाकी होते. त्यानं काय बघितलं नाय." ती मूर्ती मोडल्याच्या पापाबद्दल बोलत होती, बिचारी. पण अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. "तुम्ही दोघं ट्रेननं व्हा पुढं, गाडी मी आणतो मागनं," असं ते म्हणाले. आम्हाला पाठवून एकट्यानं वायर पुन्हा नीट बसवणार, म्हणजे कोणाला पत्ता लागायला नको, हे मला नागोठणं स्टेशन मागे पडलं तेव्हा कळलं. समोर बसून बाबूकाका मला गिअर कसा टाकायचा ते समजावत होते.

घरी महेशनं, माझ्या नवऱ्यानं, शांतपणे चावी मागून घेतली. "काही दिवस राहू दे," म्हणाला. मी एसटीनं कोलाडला जायला लागले. वायरीचं मी त्याला सांगितलं नाही. सांगायला अण्णा होते ना घरात! पण अण्णा बोलेनात. बॉनेट आपटल्याचा आवाज बंद झाला. गणपती टेम्पोतून आला. मखरात बसवून तोंडावरचा रुमाल काढला तेव्हा सगळे पुढे सरकले आणि अण्णा दाराआड गेले. आरतीला मागे उभे राहायचे, टाळ वाजवायचे, नजर फरशीवर. लोक म्हणाले, म्हातारे थकले. मी मोदक वाढायला गेले तर ताटावरून वर बघितलं नाही. "पुरे गो," एवढंच.

असं वर्ष गेलं. रागावून रागावून किती रागावणार? त्या माणसाला रोज चोरासारखं घरात वावरताना बघून माझाच जीव कानकोंडा व्हायचा.

पुढच्या वर्षी पेणला जायची वेळ आली तेव्हा अण्णा म्हणाले, आखणी असंल त्या दिवशी जाऊ, आणि सगळे जाऊ. महेश गाडी चालवत होता, बाबूकाका त्याच्या शेजारी, मी आणि अण्णा मागे. कारखान्यात मंदाताई आमचीच मूर्ती पुढ्यात घेऊन बसली होती. बाबूकाकांनी जाता जाताच विनोद केला, "यंदा गाडी लांब लावली हाय हो, घाबरू नका." सगळे हसले. अण्णा तिच्यासमोर मांडी घालून बसले. मंदाताईनं विचारलं, "काय काका, काय बोलायचंय का?"

"बोलायचंय. पण तू आधी डोळे आख. त्याला बघू दे."

कोणाला काही समजलं नाही. मला समजलं. मंदाताईनं श्वास धरून एक डोळा पुरा केला, मग दुसरा. कुंचला बाजूला ठेवला.

"आता बघतोय ना तो?"

"बघतोय की, काका."

"मग ऐका सगळ्यांनी. गेल्या वर्षी वायर मी बसवली होती. चुकीची बसवली होती. सुनेनं पयलाच टाकला होता. चूक माझी, नि खोटं बोललो ते पण मीच." मग महेशकडे न बघता म्हणाले, "चावी दे तिला."

पेणहून अष्टमीपर्यंत गाडी मी आणली. अण्णा शेजारी बसले होते, मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून. नागोठणं गेल्यावर म्हणाले, "रेस जरा लागतेय. उद्या मेकॅनिककडं टाक." मी हसले आणि रडलेसुद्धा.

वाटलं होतं, आता मिटलं. कसलं मिटतंय! अण्णांना कबुलीची चटकच लागली. बाबूकाकांची जीभ काही सरळ होईना. कोणी पाहुणा आला की ते माझी ओळख करून द्यायचे, "ही आमची पेणला गाडी मागं नेणारी." की अण्णा असतील तिथून उठायचे, तोंडात घास असला तरी, आणि म्हणायचे, "वायर मी बसवली होती." पुढे कोणी काही न म्हणताही सांगायला लागले. न्हाव्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, कोलाडच्या मेकॅनिकला तर प्रत्येक खेपेला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या आजारात रोह्याच्या दवाखान्यात होते. नर्सनं सलाईन बदलता बदलता सहज विचारलं, "आजोबा, ही मुलगी का तुमची?" अण्णांनी डोळे उघडले. "सून हाय. गाडी चालवते, हायवेवरनं. ती पेणला मागं गेली ना, ती वायर मी..." मला ऐकवेना. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "अण्णा, पुरे झालं हो आता. कधीच पुरे झालंय."

ते म्हणाले, "तुला पुरलं असंल गो. मला अजून पुरलं नाय."

दोन दिवसांनी गेले.

तेराव्याला पंगत बसली होती. मेकॅनिककडून आणलेली गाडी मी दारात लावून भात वाढायला पंगतीत आले तर बाबूकाका शेजारच्या पाहुण्याला सांगत होते, "हीच ती, पेणला गाडी मागं नेणारी." पंगत हसली. सवयीनं मी थांबले. आतून कोणीतरी उठेल, खाकरेल, बोलेल म्हणून भातवाढी हातात घेऊन खुळ्यासारखी अण्णांच्या खुर्चीकडे बघत उभी राहिले.

महेश पंगतीत आमटी वाढत होता. माझ्या नवऱ्यानं बाबूकाकांपुढे जन्मात कधी तोंड उघडलेलं नाही. तो मान वर न करता, कानाच्या पाळ्या लाल करून म्हणाला, "वायर अण्णांनी बसवली होती, काका." आणि पुढच्या पानावर वाढायला वाकला.