काचबिंदूच्या बोकारे मॅडम

एखादं बाळ झोपेपर्यंत डॉक्टर मुकाट बसून राहिल्यात, असं तुम्ही कधी पाहिलं आहे का? मी भोपाळमध्ये पाहिलं. बोकारे मॅडम एका धर्मादाय दवाखान्यात लहान मुलांच्या काचबिंदूवर शस्त्रक्रिया करत. त्यांच्या खोलीत पडदा ओढलेला, पंखा बंद, आणि आईला एकच हुकूम: बाळाला उपाशी आणा, इथे येऊन पाजा. दूध पिता पिता ते पेंगलं, की मॅडम पेनाएवढं यंत्र बुबुळाला अलगद टेकवून डोळ्यातला दाब मोजत. बाहेरची रांग कुरकुरली की दारातून म्हणत, "रोते बच्चे का प्रेशर झूठ बोलता है. खरं ऐकायचं असेल तर थांबा."

माझी भाची चिमी सात महिन्यांची असताना आम्ही त्यांच्याकडे पोचलो. चिमीचे डोळे मोठे, निळसर. भोपाळमधल्याच अयोध्या नगरात ताईच्या सासरी त्या डोळ्यांचं फार कौतुक. रोज संध्याकाळी दृष्ट काढली जाई. उजेडात ती डोळे घट्ट मिटून घेई, तर म्हणत, "लाजते." मॅडमनी तिला तपासलं आणि ताईच्या सासूबाईंना सरळ सांगितलं, "आजी, हिला दृष्ट लागलेली नाही. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुंबलीय, म्हणून डोळे मोठे झालेत. थांबलो तर हिला दिसायचं बंद होईल." सासूबाईंनी चिमीच्या गालावरची तीट पदराने पुसून टाकली. कशासाठी, कोण जाणे.

मी फोनवर बरंच वाचून, भांडायच्या तयारीने गेलो होतो. गोनिओटॉमी नावाच्या छोट्या शस्त्रक्रियेत कापाकापी कमी, मग तुम्ही मोठी शस्त्रक्रिया का सांगता? धर्मादाय दवाखान्यात येणाऱ्यांच्या वाट्याला नेहमी जुनंच का?

"बोल, बोल," मॅडम हसल्या. "पत्रकं लिहितोस वाटतं? आता ऐक. मोरी तुंबली की आधी जाळी साफ करतात, भिंत फोडत नाहीत. तुझी गोनिओटॉमी म्हणजे आतून जाळी मोकळी करणं. चांगलीच आहे. पण ती बुबुळावरच्या काचेतून आत बघत करावी लागते. हिची काच धुरकट झालीय. मला जाळी दिसणारच नाही. मग कापू काय, अंदाजपंचे?"

"मग?"

"मग बाहेरून पाइप शोधून तो उघडायचा, आणि जोडीला भिंतीतून एक नवी वाट काढायची. दोन्ही एकाच वेळी. नळी बसवायचाही उपाय असतो, पण तो मी मागे ठेवते. हुकमाचं पान पहिल्याच हाताला टाकत नाहीत."

"पण सगळ्यात चांगलं कोणतं?"

"कोणत्या डोळ्यासाठी, ते आधी विचार."

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. धुरकटपणा हळूहळू विरला, चिमी उजेडात बघू लागली, आणि घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. मॅडमनी पुन्हा पुन्हा तपासायला बोलावलं होतं; काही तपासण्या भूल देऊनच व्हायच्या होत्या. पण भाओजी कारखान्यात पाळीवर, मी नोकरीसाठी इंदूरला, आणि सासूबाईंचं म्हणणं, "डोळे तर आरशासारखे स्वच्छ आहेत. पोरीला पुन्हा कशाला बेशुद्ध करायचं?" ताई एकटी पडली. तपासण्या चुकल्या. अखेर ती गेली, तेव्हा उजवा डोळा ठीक होता. डाव्यातला दाब चढला होता आणि आतली नस बरीच सुकली होती.

मी धावत आलो. "ऑपरेशन चुकलं?" असं मी तावातावाने विचारलं.

"चुकलं नाही, पुरलं नाही," मॅडम म्हणाल्या. "या आजारात होतं असं. म्हणून तर बोलावत राहतो. आता नळी बसवू. राहिलेली नजर वाचेल. गेलेली परत येणार नाही."

ताई रडत होती. तिला बोलणी बसणार असं मला वाटलं. मॅडम तिच्या शेजारी बसल्या. "बेटा, बाळाला घेऊन दोन बस बदलत तू एकटी येणार कशी, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

तेव्हापासून त्या प्रत्येक आईला औषधाआधी विचारत, "सोबत कोण येणार?" आमच्या सासूबाईंना तर त्यांनी कामालाच लावलं.

"आजी, कुलदेवीला जायचा नेम चुकवता का?"

"छे!"

"मग हाही नेम धरा."

"देवीकडे प्रसाद तरी मिळतो हो."

"इथे चहा मिळेल. साखर बेताची."

सासूबाईंनी त्यानंतर एकही खेप चुकवली नाही.

चिमी आता शाळेत जाते. जाड चष्मा आहे. उजव्या डोळ्याने फळ्यावरचं वाचते. डाव्याला समोर माणूस उभा आहे, एवढं कळतं. मॅडम निवृत्त होऊन नागपूरला भावाकडे गेल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांना म्हणालो, कोणत्या बाळाला कोणती शस्त्रक्रिया, यावर मी लिहिणार आहे.

"लिही. पण त्यावर भांडायला डॉक्टर आहेत. बसमध्ये बाळ घेऊन उभ्या असलेल्या बाईचं कोण लिहिणार?"

म्हणून मागणं एवढंच. तुमच्या गल्लीत, नात्यात काचबिंदूचं मूल असेल, तर आजच त्याच्या आईला पुढच्या तपासणीचा दिवस विचारा. त्या दिवशी रजा काढा आणि तिच्यासोबत जा. बाळ तिच्या कडेवर असू द्या. पिशवी तुम्ही घ्या.