दाराकडे तोंड केलेल्या चपला

जपानमधल्या एका डोंगरी गावात लेक मला फिरायला घेऊन गेली होती. माझ्याच वयाच्या एका बाईच्या लाकडी घरात आम्ही उतरलो. चपला काढून आत गेले, आणि थोड्या वेळाने बघते तर त्यांची तोंडं दाराकडे वळवलेली. मी त्या पुन्हा आत वळवल्या. चहा पिऊन येते तर तोंडं परत बाहेर.

"ही बाई आपल्याला घालवायला बघते," मी म्हटलं.

"अगं आई, इथली रीत आहे ती. निघताना पाहुण्याला त्रास नको म्हणून."

"मग शहाणी आहे बाई."

आपल्याकडचं गावचं घर विकून मी कायमचं तिच्याजवळ जपानात राहावं, असं लेकीच्या मनात आहे. दवाखाना जवळ, हवा चांगली, सगळं खरं. पण इथे मी एका जागी बसत नाही. खिडकीशी जाते, परत येते. डोंगर चांगलेच आहेत, पण कुठल्या डोंगरावर ढग आला की पाऊस येणार, ते मला कळत नाही. माणसाला धरून ठेवणं म्हणजेच माया, असं आम्ही मानत आलो. त्याच्या जाण्याची सोय करणं हीसुद्धा मायाच असेल.

"माझं परतीचं तिकीट काढ," मी म्हटलं.

"तिथे एकटीला काही झालं तर?"

"होईल. निदान ओरडले तर शेजारणीला कळेल तरी."

तिने मोबाइल हातात घेतला. "कधीचं काढू?"

तेव्हा मात्र मला पटकन तारीख सांगता येईना.