शेपटीकडचे पट्टे

“बाई, ही पोरगी मन्यार हातात धरून बसलीया,” सखूबाई चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या.

हिर्डोशीच्या शाळेत मी माझ्या नव्या पुस्तकाचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मुलांना दाखवत होते. गोष्ट माझी, चित्रंही माझीच. सखूबाई त्या शाळेत खिचडी शिजवायच्या.

“मण्यार नाही, कवड्या आहे. बिनविषारी असतो,” मी म्हटलं.

“कवड्याचं पट्टं मानंकडं ठळक असत्यात, शेपटीकडं इरून जात्यात. तुमी उलटं काढल्यात. माझी जाऊ मन्यार चावून गेली. म्या नीट बघितलाय त्यो.”

मी चित्र पुन्हा पाहिलं. शेपटी हिरव्या पानावर येत होती. तिथे पट्टे उठून दिसावेत म्हणून मीच ते ठळक केले होते. मान सावलीत घातली होती. आणि हे पुस्तक भोर-वेल्ह्याच्या शाळांमध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना वाटलं जाणार होतं. छपाई त्याच दिवशी पुण्यात सुरू होती.

गावातला फोन बंद. एसटी संध्याकाळी. दुधाचा टेम्पो मिळाला, त्यात उभी राहून भोरला आले. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून प्रकाशकांना फोन लावला. दोनदा एंगेज. तिसऱ्यांदा लागला.

“तो फॉर्म छापून झालाय,” ते म्हणाले. फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापलेली पानं. “उद्या बाइंडिंगला जाईल. शेवटी सूचना टाकू, साप हातात धरू नये.”

“पहिलीतली मुलं सूचना वाचत नाहीत. चित्र बघतात.”

“खिचडी करणाऱ्या बाईंच्या शब्दावर मी छपाई रद्दीत घालू?”

“उद्या दुपारपर्यंत थांबा. इथल्या सर्पमित्राला दाखवते. तोपर्यंत काही पुढे पाठवू नका.”

त्यांनी फोन ठेवून दिला.

रात्री भोरलाच राहिले. सकाळी सर्पमित्राने चित्र हातात घेतलं, चष्माही शोधला नाही. “मण्यार,” म्हणाला. “पण कवड्या असता तरी मुलीच्या हातात कशाला दिलात?”

मी पुन्हा बूथवर जाऊन प्रकाशकांना फोन लावला.

फॉर्म रद्दीत गेला. मी साप नव्याने काढला. गोष्टही बदलली, मुलगी आता लांब उभी राहून मोठ्यांना हाक मारते. पुस्तक उशिरा आलं. त्या प्रकाशकांनी मला पुढे कधी काम दिलं नाही.

तेव्हापासून प्रेसला जाण्याआधी मी चित्रं त्यातलं कळणाऱ्या माणसाला दाखवते. नुसतं ‘छान आहे’ म्हणणारे लोक पुस्तक निघाल्यावरही भेटतात.