ओळंब्याला धरलेली नळी

दाजी पेडणेकरांची आणि माझी पहिली भेट माझ्या चुकीमुळे झाली. गिरगावातल्या माझ्या गॅरेजात एका शेटजींची जुनी शर्यतीची मोटार आली होती. तिच्या इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर होता, आणि ती हवा किती दाबाने जाते ते सांगणारा मीटर समोर बसवलेला. मीटर चौरस इंचाला साडेपाच पौंड दाखवी. त्यावर विसंबून मी इंजिन जुळवले आणि आठवड्यात एक पिस्टन जळाला. मीटर काढून लालबागला गेलो. गिरण्यांच्या बॉयलरांचे मीटर दाजी तपासत असत.

"कोणाशी ताडून बघितलंस?" दाजींनी विचारले.

"दुसऱ्या मीटरशी."

"आणि तो कोणाशी?"

मी हातातला मीटर त्यांच्यापुढे ठेवला.

"म्हणजे मेल्या, एका चोराला दुसरा चोर जामीन. बस. चहा घे."

दाजींचा विश्वास एकाच वस्तूवर होता: फळीवर बसवलेली, दोन्ही टोके वर वाकवलेली काचेची नळी आणि तिच्यातला पारा. हवेच्या दाबाने पारा एका बाजूला उतरतो, दुसऱ्या बाजूला चढतो. दोन पातळ्यांतले अंतर हाच दाब. बहुतेक लोक एकच बाजू वाचून दुप्पट करतात. दाजी दोन्ही बाजू वाचीत, कारण नळी आतून सगळीकडे सारखी नसते. दाब घ्यायचा तो सुपरचार्जरच्या तोंडाशी नव्हे, हवा इंजिनात शिरते तिथे. आणि उभ्या गाडीत नव्हे, चढावर, पूर्ण जोर लावून. पण चढावर गाडी कलली की फळी कलते आणि आकडा फुगतो. म्हणून वाळकेश्वरच्या चढावर मी गाडी चालवी आणि दाजी शेजारी फळी गुडघ्यांत धरून, तिच्यावर सोडलेल्या ओळंब्याच्या दोऱ्याला ती दोन्ही हातांनी सरळ ठेवीत. त्या दिवशी पारा सोळा इंच भरला. म्हणजे साडेपाच नव्हे, जवळजवळ आठ पौंड.

माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे; पुढचे सगळे पुस्तके आणि शब्दकोश घेऊन एकट्याने केलेले. शेटजींनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "इनकी डिग्री क्या है?" दाजी म्हणाले, "पिस्टन जल गया, ये आदमी छुपाया नहीं. यही डिग्री है."

संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर बंद होते, त्या दिवशी शेटजींचा निरोप आला: रस्ते मोकळे आहेत, चाचणी उरकून घ्या. दाजींनी निरोप्याला सांगितले, "रस्ते मोकळे झालेत ते मोटारी पळवायला नाहीत, असं सांग त्यांना." गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली. दाजींनी त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढले नाही.

दाजींच्या साठीच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला मी दोनदा नकार दिला, त्याचे कारण आता लिहितो. पाऱ्यात ओल किंवा धूळ राहिली की तो काचेला चिकटतो आणि पाव इंचाचा फरक पडतो. तो गरम करून सुकवावा, असे मी एका इंग्रजी पुस्तकात वाचले आणि दाजींना सांगितले. दाजी खूश झाले. तेव्हापासून दर रविवारी, त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत, स्टोव्हवर पारा तापू लागला. वाऱ्याने स्टोव्ह विझे, म्हणून खिडकी मीच लावून घेई. वाफ विषारी असते, उघड्यावर करावे, हेही त्याच पानावर होते. ते मी वाचले होते. मोठ्या प्रयोगशाळांतल्या साहेबांची ती काळजी, असे समजून सोडून दिले. पाव इंच ज्याला सोसवत नाही, त्याने एक अख्खी ओळ सोडली.

आज दाजींचे हात कापतात. हिरड्या सुजून चार दात गेले. चारचौघांत बसायला ते लाजतात. सत्कारालाही येतील की नाही, शंका आहे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, त्यांना बशीने चहा पाजतात. परळच्या डॉक्टरांनी कारण एका वाक्यात सांगितले. सुधारेल, असे मात्र सांगितले नाही.

मी जाऊन दाजींना सगळे सांगितले.

"वाचलं होतंस?"

"हो, दाजी."

"मग मला वाचून दाखवायचं."

एवढेच बोलले. काकींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. तो चहा मी कसा प्यालो ते माझे मला ठाऊक.

साठीच्या माणसाला शंभर वर्षे मागायची रीत आहे. कप न धरवणाऱ्या हातांसाठी आणखी चाळीस वर्षे मागताना माझी लेखणी अडते. तरी मागतो. दाजींनी जगावे, रोजचा एक घास तरी न सांडता त्यांच्या तोंडी जावा. आणि त्यांनी मला क्षमा करावी, असा आग्रह सत्काराच्या सभेत त्यांना कोणीही करू नये.